खालच्या कवळीचा इतिहास

३० एप्रिल १७८९ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी अमेरिकेचे पहिले अध्यक्ष म्हणून शपथ घेतली, तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या कवळ्या पाणघोड्याच्या सुळ्यातून कोरलेल्या, त्यांत माणसांचे दात बसविलेले, आणि वरची व खालची बाजू धातूच्या स्प्रिंगांनी जोडलेली असे. तोंड मिटून ठेवायचे तरी जबडा आवळून धरावा लागे. या कवळ्या लाकडाच्या होत्या, ही मात्र शब्दशः दंतकथाच. त्यांच्या जमाखर्चात १७८४ साली कृष्णवर्णीय गुलामांकडून नऊ दात १२२ शिलिंगांना घेतल्याची नोंद सापडते. ते दात त्यांच्याच तोंडात बसले की नाही, हे ती नोंद सांगत नाही. दात कोणाचे आणि घास कोणाचा, एवढे मात्र सांगते. पुढे १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर रणांगणावरील मृत सैनिकांचे दात उपटून विकले गेले, आणि ‘वॉटर्लूचे दात’ हा युरोपच्या बाजारात एक प्रकारच होऊन बसला.

स्प्रिंगांवाचून कवळी टिकते, हा शोध योगायोगाचा मानतात. फिलाडेल्फियाचे दंतवैद्य जेम्स गार्डेट यांनी १८०० च्या सुमारास एका बाईंसाठी वरची कवळी केली. स्प्रिंगा नंतर बसवू, तोवर सवय करून घ्या, असे सांगून ते गेले आणि काही महिन्यांनी परतले. पाहतात तो कवळी आपल्या आपण टाळूला चिकटलेली, आणि बाई निर्धास्त जेवत असलेल्या. कवळी आणि टाळू यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर पसरतो. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की सहज सुटत नाहीत, तोच हा प्रकार. कडा हिरडीला नीट भिडल्या तर हवा आत शिरत नाही आणि बाहेरच्या हवेचा दाब कवळीला धरून ठेवतो.

हे सुख वरच्या कवळीचे. खालची कवळी घोड्याच्या नालाच्या आकाराची. तिला टाळूसारखा विस्तीर्ण आधार नाही. आतून जीभ ढकलते, बाहेरून गाल आणि ओठ ढकलतात, आणि कडेची सीलबंदी प्रत्येक शब्दागणिक मोडते. ‘ढिल्या कवळी’ची बहुतेक गाऱ्हाणी वास्तविक या खालच्या कवळीची असतात.

साहित्य बदलत गेले. गुडइयर यांच्या कारखानदारीतून आलेले कडक रबर, म्हणजे व्हल्कनाइट, हिरडीच्या साच्यावर हुबेहूब बसे आणि हस्तिदंत किंवा सोन्याच्या मानाने फारच स्वस्त पडे. १८४६ मध्ये ईथरची भूल आली, किडलेले दात वेदनेवाचून निघू लागले आणि कवळीची मागणी वाढली. ही स्वस्ताई लोकांपर्यंत पोहोचण्याच्या वाटेत मात्र एक पेटंट आडवे आले. १८६४ च्या पेटंटाच्या बळावर ‘गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनी’ दंतवैद्यांकडून परवाना शुल्क आणि दर कवळीमागे स्वामित्वधन वसूल करू लागली. न देणाऱ्यांवर खटले भरले गेले. कंपनीचा खजिनदार जोसिया बेकन हा वसुलीसाठी शहरोशहरी फिरे. १८७९ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलात सॅम्युएल चॅल्फंट या दंतवैद्याने त्याला गोळी घातली. कवळीच्या पेटंटावरून खून, असा प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात दुसरा क्वचितच असेल! पेटंटाची मुदत १८८१ मध्ये संपली आणि रबरी कवळी मोकळी झाली. १९३७ नंतर तिची जागा हिरडीच्या रंगाच्या अॅक्रिलिकने घेतली. आजही नेहमीच्या कवळीची बैठक त्याचीच असते.

कितीही उत्तम साहित्य आणले तरी काही वर्षांत कवळी ढिली पडायचीच. दोष कवळीचा नसून तिच्याखालच्या जमिनीचा असतो. जबड्याचा जो भाग दातांची मुळे धरून ठेवतो, ते हाड दातांसाठीच असते. चावताना मुळांभोवतीच्या तंतूंतून हाडाला ताण मिळतो. दात गेला की तो ताण जातो आणि शरीर हाड शोषून घेऊ लागते. पहिल्या वर्षी झीज वेगाने होते, पुढे संथपणे, पण थांबत नाही. कवळी घालणाऱ्यांचा सुमारे २५ वर्षे पाठपुरावा करून अँटये टालग्रेन यांनी १९७२ मध्ये दाखविले, की खालच्या जबड्याच्या पुढच्या भागाची झीज वरच्याच्या सुमारे चौपट असते. आधीच दुबळा असलेला आधार असा आणखी खचतो. मग कवळी डबीत जाते, माणूस मऊ भातावर येतो, आणि ‘दात आहेत तर चणे नाहीत’ ही म्हण उलटी होते.

यावरचा उपाय दंतवैद्यकाच्या बाहेरून आला. स्वीडनच्या लुंड येथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचे नळकांडे बसवून रक्तप्रवाह न्याहाळत होते. प्रयोग संपल्यावर ते महागडे नळकांडे परत काढू गेले, तर निघेना. हाड धातूला घट्ट चिकटून वाढले होते. १९६५ मध्ये योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे चार खुंट रोवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोपर्यंत ते खुंट कामात होते. तरीही सहकाऱ्यांचा अविश्वास ओसरायला १९८२ ची टोरांटो येथील परिषद उजाडावी लागली. २००२ मध्ये मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी म्हटले, की पूर्ण दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी केवळ कवळी हा आता पहिला पर्याय मानू नये. दोन खुंटांवर अडकणारी कवळी हाच किमान उपचार समजावा.

भारतात हा शास्त्रीय मार्ग एका आइस्क्रीमच्या दुकानातून सुरू झाला. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाची पदवी घेऊन परतलेले डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात देशातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय काढले, आणि त्याचा खर्च ‘न्यू यॉर्क सोडा फाउंटन’ या आपल्या दुकानाच्या उत्पन्नातून भागविला. गोड विकून दात वाचविण्याची ही तजवीज त्यांना स्वतःलाही गमतीची वाटली असावी. फातिमा जिना यांनी कोलकात्यातच दंतवैद्यक शिकून १९२३ मध्ये मुंबईत दवाखाना उघडला. पण हे मूठभरांचे. रस्त्याच्या कडेला चटईवर दात मांडून बसणारे दंतकार आणि महानगरांतील चिनी दंतकारांची दुकाने, यांच्याकडेच असंख्य लोक जात. म्हणूनच १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने नोंदवहीचे दोन भाग केले: पदवीधर ‘अ’ भागात आणि पदवी नसलेले, पण वर्षानुवर्षे या धंद्यावर पोट भरणारे, ‘ब’ भागात. २०२३ मध्ये त्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संमत झाला.

खुंटांचे तंत्र देशात आहे. दिल्लीची मौलाना आझाद दंतविज्ञान संस्था आणि आयआयटी यांनी मिळून देशी रोपणही घडविले. धातूही आहे. केरळच्या चवऱ्याच्या काळ्या वाळूत टायटॅनियमचे खनिज विपुल असून, तेथील सरकारी कारखान्यात २०११ पासून अवकाश कार्यक्रमासाठी टायटॅनियम स्पंज तयार करण्याची सोय झाली. त्याच केरळात दारिद्र्यरेषेखालील, साठी ओलांडलेल्या वृद्धांना मोफत दात देणारी एक सरकारी योजना आहे. तिचे नाव ‘मंदहासम्’. तिच्यात मिळते ती कवळी. खालच्या जबड्यातले दोन खुंट अजून ज्याच्या त्याच्या खिशावर आहेत.