आधी पाणी, मग विस्तव

नरक चतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरात सर्वांत आधी जागा होई तो बंब. आजी त्यात पाणी भरी, मधल्या नळकांड्यात करवंट्या आणि लाकडाच्या ढलप्या सोडी आणि खालून कागद पेटवी. “आधी पाणी, मग विस्तव,” हा तिचा नियम. कोरडा बंब तापला तर सांधे सुटतात. पुढे गीझर आला, बंबाची अडचण होऊ लागली आणि मीच तो मोडीत घातला. तांब्याच्या भावाने पैसे मिळाले.

काही वर्षांनी एका स्नेह्याने गडावर पिशवीतून एक किटली काढली आणि मी थबकलो. मधून आरपार धुराडे, त्याभोवती पाणी, खाली काटक्यांसाठी खोलगट तळ. तळाच्या भोकाकडून वारा शिरतो, ज्वाळा धुराड्यात वर ओढल्या जातात आणि पाणी आतून तापते. उघड्यावरच्या चुलीचा वैरी असलेला वारा इथे भात्याचे काम करतो. मूठ-दोन मूठ वाळक्या काटक्यांवर चहाचे पाणी उकळले. पेटवण्याआधी त्याने दोन गोष्टी पाहिल्या होत्या : आत पाणी आहे ना आणि तोंडाचे बूच काढले आहे ना. हा आमचाच बंब होता, पाठीवर नेता येणारा.

हिचा पहिला कर्ता कोण, हे शोधायला मी बसलो. आयर्लंडच्या मेयो परगण्यातले केली कुटुंब सांगते की, १८९०च्या दशकात लॉख कॉन सरोवराकाठच्या त्यांच्या पूर्वजाने पत्र्याची अशी किटली केली. न्यूझीलंडमध्ये जॉन अ‍ॅशली हार्ट यांनी १९२९च्या सुमारास ‘थर्मेट’ आणली. महायुद्ध सुरू झाल्यावर तिथल्या लष्कराने त्यांच्याकडे पेटंटचा हक्क सोडण्याची विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली. मग उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात न्यूझीलंडच्या तुकड्यांबरोबर ही किटली फिरली. काटक्या नसतील तिथे वाळूत पेट्रोल ओतून ती पेटवत. सैनिकांनी तिचे नाव ठेवले ‘बेनगाझी बॉयलर’. तिच्या तळाने वाळूवर उमटलेल्या जळक्या वर्तुळांवरून न्यूझीलंडचे सैन्य कुठे थांबले होते ते शत्रूला कळे, असेही सांगतात.

पण आणखी मागे गेलो तर रशियातल्या तुला शहरी लिसित्सिन बंधूंचा सामोवारचा कारखाना १७७८ सालीच उभा दिसतो. सामोवारच्या पोटातही तेच : मधे निखाऱ्यांची नळी, भोवती पाणी. काश्मिरात आजही कहवा आणि नून चाय अशाच तांब्याच्या सामोवारमधून ओततात.

तेव्हा ‘पहिला कोण’ हा माझा प्रश्नच चुकला होता, असे मला वाटते. विस्तव पाण्याच्या पोटात ठेवला की जळण वाचते, हे ज्याला त्याला आपापल्या गरजेतून उमगू शकते. कोळ्याला ओल्या वाऱ्यात चहा हवा होता, सैनिकाला वाळवंटात, आजीला दहा जणांच्या अंघोळीचे पाणी. गरजेप्रमाणे आकार बदलला. फरक पडला तो नोंदीत. हार्ट यांनी हक्क सोडला तरी पेटंटमुळे त्यांचे नाव राहिले. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते देणाऱ्याचे किंवा घेणाऱ्याचे, घडवणाऱ्याचे नव्हे. आमच्या बंबावर आजीच्या माहेरचे नाव होते. ज्या तांबटाने तो ठोकून घडवला, त्याची खूण म्हणजे पत्र्यावरचे हातोडीचे ठसे, एवढीच.

गेल्या वर्षी पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलो. ठोक्यांच्या आवाजात एका वयस्क कारागिराला आमच्या बंबाचे वर्णन सांगितले. त्यांनी हातातले काम थांबवून विचारले, “मधलं नळकांडं अखंड होतं की जोडाचं? आणि जोड आतून होता की बाहेरून?”

तुलाच्या कारखान्याचे साल मला तोंडपाठ होते. चाळीस दिवाळ्या ज्याच्या उबेला बसलो, त्या बंबाचा जोड मी कधी पाहिलाच नव्हता. आणि तो वितळवायला मीच दिला होता.