सण आणि सारवण



वसईचा इतिहास म्हटला की डोळ्यांपुढे किल्ला उभा राहतो, आणि ते साहजिकच आहे. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. त्यांनी खाडीच्या तोंडाशी तटबंदीचे शहर बांधले. दोनशे वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजीअप्पांच्या फौजेने ते जिंकले; आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह केला. एवढे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. आज मी किल्ल्याच्या भिंतींविषयी थोडे आणि किल्ल्याबाहेरच्या भिंतींविषयी जास्त बोलणार आहे. शेतकरी, बागाईतदार, कोळी, वारली यांनी आपली घरं कशी राखली आणि कशी सजवली, गाठीला पैसा नसताना सणाला घर कसं उजळलं, हासुद्धा इतिहासच आहे. मात्र तो तहनाम्यांत सापडत नाही.

आधी किल्ल्यातली घरं पाहू. जॉन फ्रायर नावाचा एक इंग्रज वैद्य १६७५ साली वसईस येऊन गेला. त्याने इथल्या पोर्तुगीज सरदारांच्या दुमजली हवेल्या पाहिल्या. झाकलेले सज्जे पाहिले. आणि मोठमोठ्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने बसवलेली पाहिली. समुद्राचा पातळ, दुधी शिंपला लाकडी चौकटीत बसवला की उजेड आत येतो आणि ऊन बाहेर राहते. गोव्यातल्या जुन्या घरांत अशा खिडक्या आजही दिसतात. म्हणजे श्रीमंतांची हौससुद्धा किनाऱ्यावर मिळणाऱ्या मालावरच भागत होती!

या हवेल्यांचे पुढे काय झाले? आज किल्ल्यात गेलात तर घडीव दगडांच्या कमानी दिसतील, चर्चच्या उंच भिंती दिसतील. छप्पर मात्र क्वचितच दिसेल. राज्य बदलले, वस्ती पांगली, आणि वरचे लाकूड नि कौल गेले. एकदा छप्पर गेले की पाऊस भिंतीच्या माथ्यावरून आत उतरतो. दगडांमधला चुना धुपतो. त्या सांध्यात पाखराने टाकलेले वडा-पिंपळाचे बी रुजते आणि त्याची मुळे दगड फोडून काढतात. आपल्या या किनारपट्टीवर वर्षाकाठी २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक चारच महिन्यांत. अशा मुलखात कोणतीही भिंत एकदा बांधली आणि काम संपले असे होत नाही. तिला दरवर्षी माणसाचा हात लागावा लागतो. तो हात सुटला आणि दगडी शहराची पडझड झाली.

आता किल्ल्याबाहेर या. इथल्या गरिबाचे जुने घर म्हणजे कुडाचे घर. तुंगारेश्वराच्या डोंगरातून कारवीच्या काठ्या आणायच्या, त्या उभ्या-आडव्या बांधून कूड करायचा, आणि त्याला दोन्ही अंगांनी शेणमातीचा गिलावा द्यायचा. वर बांबूचा सांगाडा आणि त्यावर भाताचा पेंढा किंवा गवत. ज्यांची ऐपत थोडी बरी, त्यांच्याकडे मातीच्या जाड भिंती आणि कुंभाराने चाकावर केलेली नळीची कौले. यातली एकही वस्तू दहा-वीस वर्षे बिनघोर टिकेल अशी नाही. पेंढा कुजतो, गिलावा भेगाळतो, वानर कौले फोडतात. म्हणून या घरांनी आपले एक पंचांगच तयार केले होते, आणि आपले सण त्या पंचांगात अगदी नेमके बसलेले होते.

वैशाखात शाकारणी. पावसाआधी जुना पेंढा उतरवून नवा घालायचा, कौले परतायची, फुटकी बदलायची. पावसाच्या झडीच्या अंगाला नारळीच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधायचे. हे काम एकट्याचे नव्हे. आज तुझ्या घरावर चौघे, उद्या माझ्या घरावर चौघे, असा फेरा चाले. मजुरी म्हणून दुपारचे जेवण. पैशाचा हिशेब नाही, पण हाताचा हिशेब पक्का असे. जो दुसऱ्याच्या शाकारणीला गेला नाही, त्याच्या छपरावर कोण चढणार?

पाऊस सरला की दुसरी पाळी. चार महिन्यांच्या पाण्याने अंगण उखडलेले असते. ते उकरून, माती पसरून, पाणी मारून चोपण्याने बडवायचे आणि शेणाने सारवायचे. लगेच भात झोडायला जागा लागते, म्हणून हे काम शेतीचे. आणि लगेच दसरा-दिवाळी येते, म्हणून तेच काम सणाचे. दोन्ही एकाच मेहनतीत उरकते. नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याचा टाळा आणि झेंडूची फुले दाराला बांधली की तोरण झाले. त्यासाठी बाजारात काय आणायचे? उत्तर कोकणच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत ऑक्टोबरात आगेऱ्याचा सण येतो, तेव्हा हीच नवी कणसे आशीर्वादासाठी देवळात नेतात. धर्म वेगळे, पण शेत एकच. त्यामुळे दोन्हीकडची आरास एकाच लोंबीची.

आता चुन्याकडे वळू. आपल्या किनाऱ्यावर चुना शिंपल्यांचा. शिंपला म्हणजे मुळात चुनखडीच. तो भट्टीत सुमारे ९०० अंश उष्णतेला भाजला की त्यातला वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. कळीत पाणी घातले की ती उकळून फुटते. तिची निवळ भिंतीला फासली की हवेतला तोच वायू ती पुन्हा शोषून घेते आणि भिंतीवर दगडाचा पातळ थर धरते. म्हणजे समुद्रातला शिंपला भिंतीवर येऊन पुन्हा शिंपला होतो, असे म्हणा ना! शिवाय चुना तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे ताज्या सफेदीवर बुरशी नि किडे सहजासहजी टिकत नाहीत. पावसाळ्यानंतर सफेदी करायची चाल निव्वळ शोभेची नव्हती, हे यावरून ध्यानात येईल.

ज्यांना घरी करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी बेताची कृती सांगतो. एक किलो कळीच्या चुन्याला सुमारे पाच लिटर पाणी. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्यावे आणि मग चुना थोडाथोडा सोडावा. उलट करू नये. मिश्रण जोराने उकळते, तेव्हा मुलांना दूर ठेवावे आणि डोळे सांभाळावेत. एक दिवस-रात्र ते तसेच राहू द्यावे. मग जाड्याभरड्या फडक्यातून गाळून त्यात गरम पाण्यात विरघळवलेला थोडा डिंक घालावा, म्हणजे हात लावल्यावर पांढरे निघत नाही. चिमूटभर नीळ घातली तर पांढऱ्याला झळाळी येते. भिंत झाडून, किंचित ओली करून, पातळ हात द्यावा. तो वाळला की दुसरा, मग तिसरा. एकच जाड हात दिला तर पापुद्रे सुटतात. खालच्या पट्ट्याला, जिथे पावसाचे शिंतोडे उडतात तिथे, गेरूचा हात. पांढऱ्या भिंतीला तांबडी किनार ही आपल्याकडची शोभा अशी गरजेतून आली. चिखलाचे डाग गेरूवर दिसत नाहीत.

हाच गेरू आणि हेच शेण घेऊन आपल्या जिल्ह्यातल्या वारली बायकांनी जे केले, त्याची कीर्ती आता जगभर झाली आहे. लग्नघरी भिंत सारवून, गेरूने रंगवून, तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बांबूची ठेचलेली काडी बुडवून सवाशिणी लग्नाचा चौक लिहीत. मधोमध पालघट देवी, भोवती झाडे, पाखरे, नाचणारी माणसे. रंग म्हणजे घरातले मूठभर तांदूळ. लग्न आटोपले की चित्र आपोआप पुसट होई आणि पुढच्या लग्नाला नवी भिंत, नवा चौक. १९७० नंतरच्या काळात ही चित्रे कागदावर आणि कापडावर आली. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. त्यांचा गौरव योग्यच होता. पण त्यांच्याआधी कित्येक पिढ्या ज्या बायकांनी भिंती लिहिल्या, त्यांतल्या एकीचेही नाव आपल्याला ठाऊक नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

दिवाळी गेली की वसईत नाताळची तयारी सुरू होते. ख्रिस्तजन्माचा गोठा उभारण्याची चाल असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी रुजवली. त्याच्या पंथाचे संन्यासी सोळाव्या शतकात वसईत आले. त्यांच्या मठाचे अवशेष किल्ल्यात आहेत. पण इथला गोठा पाहा. त्याला पेंढा आपल्या भाताचा, कूड आपल्या काठ्यांचा. गावोगावची तरुण मुले रात्री जागून तो उभारतात. आणि दारावरची चांदणी? बांबूच्या कामट्या तासायच्या, दोऱ्याने बांधायच्या, कणकेची खळ करून पतंगाचा कागद चिकटवायचा. दिवाळीचा आकाशकंदीलही नेमका असाच होतो. एका आळीत षट्कोनी आणि दुसरीत पाचकोनी, एवढाच काय तो फरक.

हे पंचांग विस्कटले कसे? तेही एका दिवसात घडले नाही. १८६४ साली रेल्वे मुंबईपर्यंत पोहोचली आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईला पहिली लोकल सुटली. त्याच सुमारास, १८६५ साली, बासल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. ती चपटी, एकात एक अडकणारी कौले जिथे पोहोचली तिथे शाकारणीचे काम बरेच हलके झाले. १९१४ साली पोरबंदरला सिमेंट तयार होऊ लागले आणि पुढे घराघरांत शिरले. मुंबईच्या नोकरदारांनी इकडे बिऱ्हाडे केली. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या खानेसुमारीत तिच्या हद्दीत १२ लाखांवर माणसे मोजली गेली. यात वाईट काय? पक्के छप्पर मिळाले, वैशाखातली धाकधूक गेली, बायकांच्या हाताचे सारवण सुटले. दर आठवड्याला गुडघ्यांवर बसून घर सारवणाऱ्या बाईला विचारा. फरशीच्या नावाने ती गळा काढणार नाही. जुने ते सगळे सोने असे मी म्हणत नाही.

परंतु दोन गोष्टी या घाईत हरवू नयेत असे वाटते.

पहिली गोष्ट भिंतीची. ज्यांची जुनी मातीची किंवा चुन्यात बांधलेली घरे अजून उभी आहेत, ते मोठ्या हौसेने त्यांना सिमेंटचा गिलावा आणि वर तेलकट रंग देतात. खर्चही बराच येतो. माती आणि चुना ओल घेतात आणि वाऱ्याने ती सोडूनही देतात. सिमेंटचा घट्ट थर ती वाट बंद करतो. जमिनीतून चढलेले पाणी आत कोंडते, क्षार फुगतात, आणि चार-पाच पावसाळ्यांत गिलावा आतल्या मातीसकट ढलप्यांनी सुटतो. अशा भिंतीला चुनाच द्यावा. तो स्वस्त आहे आणि योग्यही तोच आहे.

दुसरी गोष्ट हाताची. बाजारातली आरास वर्षाला नवी घ्यावी लागते आणि नंतर ती नाल्यात दिसते. जिथे नाले आधीच तुंबतात तिथे हा प्रश्न हौसेपुरता राहत नाही. जुलै २०१८ च्या पुरात इथल्या वस्त्या दिवसचे दिवस पाण्यात होत्या. कामट्यांचा कंदील वरच्या माळ्यावरच्या बिऱ्हाडातही करता येतो. त्याचा सांगाडा जपून ठेवला तर पुढच्या वर्षी फक्त कागद बदलायचा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. किल्ल्याची सहल आपण काढताच. तशी एक फेरी गावातल्या सर्वांत जुन्या घराकडे काढावी. मुलांनी तिथल्या आजीला विचारावे: भिंतीत काय आहे? माती कुठून आणीत होतात? शाकारणीला कोणकोण येत असे? मुलांनी हे आजीच्याच शब्दांत वहीत उतरवावे, वहीवर घराचे नाव आणि तारीख घालावी, आणि ती वही शाळेच्या कपाटात ठेवावी. चोपणे, झाप, कूड, निवळ हे शब्द जाणणारी पिढी आता पिकली आहे. वसईच्या तहाचा कागद दप्तरात सुरक्षित आहे. या माहितीचा कागद मात्र अजून कुणी लिहिलेला नाही, आणि तो लिहिण्याजोगे हात आपल्या वर्गात बसलेले आहेत.