क्यूची शेंबी आणि हस्तिदंताचा मोह

काठीला शेंबी का बसवतात हे मराठी वाचकास सांगावे लागू नये. लाकडाचे तंतू उभे असतात. टोकावर वारंवार आघात झाला की ते फाकतात आणि काठी टोकाशी चिरते. म्हणून टोकास कडे घालून तंतू आवळून धरायचे. मुसळाच्या टोकाशी लोखंडी कडे असते तेही याचसाठी. बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल या खेळांत चेंडूला टोला देण्यासाठी जी निमुळती काठी वापरतात, त्या क्यूच्या पुढच्या टोकालाही अशीच शेंबी असते. इंग्रजीत तिचे नाव फेरूल, आणि आपल्याकडील खेळाडूही तेच म्हणतात. तिच्यापुढे चामड्याची लहानशी गादी चिकटवलेली असते, तिला टिप म्हणतात. चेंडूला स्पर्श होतो तो टिपेचा. मागे लाकूड, पुढे चामडे, आणि दोहोंच्या मध्ये ही इंचभर लांबीची, बहुधा कुणाच्या ध्यानातही न येणारी वस्तू.

आपल्या क्लबांतून स्नूकरचे क्यू ज्यांनी पाहिले असतील त्यांना ही शेंबी पितळी असते हे आठवेल. अमेरिकेत वाढलेल्या पूल या खेळाच्या क्यूवर मात्र ती पांढरी असते, आणि हा लेख तिच्याविषयी आहे. तो पांढरेपणा हस्तिदंताचा आहे. हस्तिदंत गेला, तरी रंग राहिला. केवळ रंगच राहिला असता तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु त्या रंगाबरोबर एक प्रश्नही राहिला, आणि माझ्या मते तो सुमारे शंभर वर्षे चुकीच्या रीतीने विचारला गेला.

क्यूला शेंबी असण्याची खरी निकड १९व्या शतकाच्या आरंभी निर्माण झाली. मिंगो नावाचा एक फ्रेंच लष्करी अधिकारी तुरुंगात असताना बिलियर्ड्सचा अभ्यास करीत होता. क्यूच्या टोकास चामडे लावण्याची युक्ती त्याच्या नावावर सांगितली जाते. साल १८०७ च्या सुमाराचे देतात. १८२७ मध्ये पॅरिसमध्ये त्याने या खेळावर पुस्तकही प्रसिद्ध केले. नुसत्या लाकडी टोकाने चेंडूच्या मध्याच्या बाजूला मारले तर टोक घसरते. चामडे चेंडूला धरते, त्यामुळे चेंडूला हवी तशी फिरकी देता येऊ लागली. पण मध्य सोडून मारायचे म्हणजे लाकडाच्या टोकावर सरळ आघाताबरोबर आडवा ताणही पडणार. शिवाय टिप झिजली की काढून नवी चिकटवायची, आणि त्यासाठी खाली सपाट व टणक बैठक हवी. शेंबीची ही दोन कामे तेव्हापासून ठरून गेली : लाकूड फाटू न देणे आणि चामड्याला आधार देणे.

मग हस्तिदंतच का? कारण तो घरातलाच होता. बिलियर्ड्सचे चेंडू हस्तिदंताचे होत आणि या खेळाचे सामान करणाऱ्यांच्या कारखान्यांत सुळे कातणारे कारागीर असत. चेंडूसाठी सुळ्याच्या मध्यभागाचा निर्दोष तुकडा लागे. उरलेल्या तुकड्यांतून लहान वस्तू कातण्याची रीत त्या धंद्यात जुनीच होती. या मालाच्या प्रवासात मुंबईचाही वाटा आहे, हे आपण विसरू नये. १९व्या शतकात पूर्व आफ्रिकेतील सुळे झांजिबारला येत, तेथून कच्छी आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या पेढ्यांमार्फत मोठा भाग मुंबईस उतरे. काही येथे बांगड्यांसाठी राही, काही पुढे लंडनच्या बाजारात जाई. झांजिबारच्या जकातीचा मक्ता दीर्घकाळ जयराम शिवजी या कच्छी पेढीकडे होता. अमेरिकन व्यापाऱ्यांनी झांजिबारशी थेट संबंध जोडला. कनेटिकट राज्यात हस्तिदंताचे कारखाने एवढे वाढले की तेथील एका गावाचे नावच आयव्हरीटन पडले. तेथे मुख्यतः पियानोच्या पट्ट्या होत. आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत हे सुळे माणसांच्या खांद्यांवरून येत. वाहणाऱ्यांत मजुरीचे हमाल होते तसे गुलामही होते.

गुणांनी पाहिले तर हस्तिदंत शेंबीसाठी वाईट नव्हता. तो टणक असून ठिसूळ नाही, लेथवर सुरेख कातला जातो, त्यावर आटे पाडता येतात, आणि घासून उत्तम चकाकी येते. टोला बसताच एक भरीव, थोडा तीक्ष्ण आवाज होतो. तो अनेक खेळाडूंना प्रिय आहे. पण दोषही लहान नव्हते. सुळा म्हणजे अखेर दात. तो हवेतील ओलावा शोषतो आणि सोडतो, आणि सर्व दिशांनी सारखा फुगत वा आकसत नाही. शेंबीच्या आत लाकडाची कातलेली खुंटी असते, तीही ओलाव्याने फुगते, पण वेगळ्या मापाने. दोघांचे न जमले की शेंबीवर उभी तडा जाते. खडूची निळी पूड हस्तिदंतात मुरते आणि डाग पक्का बसतो.

हस्तिदंताला पर्याय शोधण्याची कथा चेंडूंपासून सुरू होते. १८६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या फेलन आणि कॉलेंडर या बिलियर्ड्सच्या कारखान्याने हस्तिदंतासारखा पदार्थ शोधून देणाऱ्यास दहा हजार डॉलर देण्याचे जाहीर केले. ऑल्बनीचा तरुण मुद्रक जॉन वेस्ली हायट त्या नादी लागला, आणि त्याच्या खटपटीतून सेल्युलॉइड आले. त्याचे एकस्व १८७० चे. हायटने वृद्धपणी सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. त्याच्या आरंभीच्या चेंडूंवर नायट्रोसेल्युलोजचा थर असे, आणि कधी कधी ते एकमेकांवर आदळले की बंदुकीच्या टोपीसारखा बार होई. कोलोरॅडोतील एका बिलियर्ड्सगृहाच्या मालकाने त्यास कळवले की बाराचे आपल्याला काही नाही, पण आवाज झाला की खोलीतला प्रत्येक माणूस पिस्तूल काढतो!

ही गोष्ट सगळे सांगतात. तिच्याहून महत्त्वाची गोष्ट २०२३ मध्ये पुढे आली. हायटच्या काळच्या एका जुन्या चेंडूची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा त्यात सेल्युलॉइड आणि कापराबरोबर गुरांच्या हाडांची भुकटी निघाली. म्हणजे पहिले यशस्वी ‘कृत्रिम हस्तिदंत’ अर्धेमुर्धे हाडाचेच होते. नुसत्या सेल्युलॉइडला हस्तिदंताचे वजन आणि उसळी आली नसावी, म्हणून हाड मिसळले असणार.

येथून चेंडू आणि शेंबी यांचे मार्ग वेगळे झाले. चेंडूची परीक्षा मोजमापाने होते. तो किती गोल आहे, त्याचा गुरुत्वमध्य बरोबर मध्यावर आहे की नाही, सोळाच्या सोळा चेंडू एकाच वजनाचे आहेत काय, हे तपासता येते. या परीक्षेत फिनॉलिक राळेच्या चेंडूंनी हस्तिदंतास इतके मागे टाकले की आज कोणीही गंभीर खेळाडू हस्तिदंती चेंडू मागणार नाही. शेंबीची परीक्षा मात्र हाताने आणि कानाने होत राहिली. ‘टोला कसा लागतो’ एवढाच निकष. आणि ज्या हाताने हस्तिदंत वापरला आहे त्याला पर्याय दिला की तो म्हणणार, हे हस्तिदंतासारखे लागत नाही. प्रत्येक नवा पदार्थ जुन्याशी ताडून पाहिला गेला, कामाशी नव्हे.

अशा उमेदवारांची रांग मोठी आहे. क्लबांच्या साध्या क्यूंवर व्हल्कनाइज्ड फायबर येई. कागदाचे थर रसायनात भिजवून दाबून केलेला हा पदार्थ स्वस्त आणि चिवट. सेल्युलॉइड दिसायला हस्तिदंताच्या सर्वांत जवळचे, परंतु ज्वालाग्राही, आणि वर्षे लोटली की आपोआप कुजणारे. वेस्टिंगहाउस कंपनीने विजेच्या यंत्रांतील विद्युतरोधक म्हणून मायकार्टा तयार केला. कागद किंवा कापडाचे थर कृत्रिम राळेत भिजवून उष्णतेने व दाबाने एकजीव करायचे, ही त्याची कृती. त्याच्या हस्तिदंती रंगाच्या प्रकाराने क्यू करणाऱ्यांची मने जिंकली. गंमत अशी की तो जुना प्रकार बनणे थांबल्यावर त्याच्या उरलेल्या तुकड्यांनाच हस्तिदंताचे भाग्य लाभले. कारागीर ते जपून ठेवू लागले, आणि नवे पदार्थ आता ‘जुन्या मायकार्टासारखे’ लागतात का, असे विचारले जाऊ लागले. मेलामाइन, एबीएस प्लास्टिक, जर्मनीचे जुमा, एल्फोरिन ही नावे त्यानंतरची. यांपैकी काहींत खऱ्या सुळ्यातल्यासारख्या रेषाही मुद्दाम आणतात. शेंबीच्या कामाशी त्या रेषांचा सुतराम संबंध नाही.

अनुकरणाचा हा सोस या खेळाच्या संस्कृतीतच आहे. १९८६ च्या ‘द कलर ऑफ मनी’ या चित्रपटात नायकाच्या हाती ब्रुकलिनच्या जॉर्ज बालाबुश्काचा दुर्मीळ क्यू आहे असे दाखवले आहे. प्रत्यक्षात तो जॉस कंपनीचा होता.

प्रश्न बदलला तो १९९० च्या दशकाच्या मध्यास. फ्लोरिडातील प्रेडेटर या नव्या कंपनीने टोले मारणारे एक यंत्र बांधले, त्याला ‘आयर्न विली’ असे नाव दिले, आणि हाताऐवजी यंत्रास विचारले. चेंडूच्या मध्याच्या डावीकडे मारले तर चेंडू नेमच्या रेषेवरून न जाता किंचित उजवीकडे सरकून निघतो, हे खेळाडूंना ठाऊक होते. का, हे आता स्पष्ट झाले. टिप आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास टिकतो. तेवढ्यात फिरू लागलेला चेंडू टिपेला बाजूला ओढतो, आणि ज्या बळाने टोक एका बाजूस जाते त्याच बळाने चेंडू दुसऱ्या बाजूस ढकलला जातो. एवढ्या अल्प काळात आडवा धक्का काठीत फार मागे पोचतच नाही. पुढच्या काही इंचांचेच वजन हिशेबात येते. टोक जितके जड, तितका चेंडू वाकडा. म्हणून त्यांनी काठीचे टोक आतून पोकळ केले आणि शेंबी आखूड व हलकी केली.

हिशेब आपणही करू शकतो. बाहेरचा व्यास १३ मिलिमीटर, आतली खुंटी ८ मिलिमीटर, लांबी २५ मिलिमीटर अशी जुन्या धाटणीची शेंबी घेतली, तर तिचे घनफळ सुमारे २ घनसेंटिमीटर होते. हस्तिदंताची असल्यास ती पावणेचार ग्रॅम भरेल, मायकार्टाची तीनच्या आत, एबीएसची सव्वादोन. फरक दीड ग्रॅमचा, आणि पांढरा चेंडू सुमारे १७० ग्रॅमचा. तरी हा दीड ग्रॅम अगदी टोकाशी आहे म्हणून जाणवतो. याच मापाची शेंबी पितळेची केली तर ती सतरा ग्रॅमच्या पुढे जाईल. मग स्नूकरवाले पितळ कसे वापरतात? त्यांचे टोक साडेनऊ-दहा मिलिमीटरचे, आणि पितळ मजबूत असल्यामुळे कडे पातळ व आखूड चालते. ते दोन ग्रॅमच्या आसपासच भरते. त्यांनी हा विचार करून पितळ निवडले असे मी म्हणणार नाही. पण जड धातू हलका पडतो आणि हलका वाटणारा दात जड पडतो, हे पाहिल्यावर ‘कोणता पदार्थ उत्तम’ हा प्रश्नच अपुरा वाटू लागतो. पदार्थाबरोबर त्याची जाडी आणि लांबीही विचारली पाहिजे.

हस्तिदंताच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. हलक्या टोकाचा फायदा फिरकीच्या टोल्यांत आहे; सरळ टोल्यात नाही. आणि हाताला येणारी टोल्याची जाणीव हा काही भ्रम नव्हे. आवाज आणि कंप यांवरूनच खेळाडू आपला टोला कसा गेला ते ओळखतो, पुढच्या टोल्याचा जोर ठरवतो. वर्षानुवर्षे एकाच आवाजावर घडलेला कान एकाएकी मोडता येत नाही. पण त्या आवाजाचा अर्थ ‘चेंडू सरळ गेला’ असा होत नाही, हे यंत्राने दाखवले.

ही चर्चा प्रयोगशाळेत चालू असताना कायदा आपल्या वाटेने येत होता. आशियाई हत्तीच्या अवयवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७५ पासून बंदी आली, आफ्रिकी हत्तीबाबत ती १९९० च्या जानेवारीत अमलात आली. भारताने वन्यजीव कायद्यात १९८६ मध्ये दुरुस्ती करून देशी हस्तिदंताचा व्यापार थांबवला आणि १९९१ मध्ये आफ्रिकी हस्तिदंतही त्यात घेतला. मुंबईची ती जुनी वाट तेव्हा कायद्याने संपली. अमेरिकेने २०१६ मध्ये देशांतर्गत व्यापारही जवळजवळ बंद केला. काही कारागीर सायबेरियाच्या गोठलेल्या मातीतून निघणाऱ्या मॅमथच्या सुळ्यांकडे वळले. अमेरिकेबाहेर स्पर्धेस जाणाऱ्यांना मात्र आपल्या जुन्या क्यूवरील पावणेचार ग्रॅमचे काय करायचे, हा प्रश्न सीमेवर पडू लागला. काहींनी ती शेंबी कातून काढली आणि जागी जुमा बसवले. संग्राहकांच्या लेखी अशा क्यूची किंमत उतरते.

त्याच २०१६ साली प्रेडेटरने कार्बन तंतूंची काठी बाजारात आणली. ती पोकळ आहे आणि काळी आहे. कार्बनची नळी टोकाशी फाटत नाही, म्हणून तिला वेगळी शेंबी लागत नाही. टिपेच्या खाली एक पातळ चकती तेवढी असते.