जीपच्या पोटातली नळी

इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले, ताम्रपट आणि बखरी आठवतात. मराठवाड्यातले असाल तर निजाम आणि 17 सप्टेंबर 1948. आजचा इतिहास मात्र एका नळीचा आहे. जाडी साधारण 8 मिलिमीटर, काम एकच: टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत नेणं.

सुरुवात थोडी लांबून करावी लागेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. त्यांचं इंजिन होतं विलीजचं ‘गो डेव्हिल’: 2.2 लिटर, 60 अश्वशक्ती. बार्नी रूस या इंजिनिअरने एका जुन्या, रडक्या इंजिनाला ठोकून-तासून ते तयार केलं होतं. युद्ध संपलं आणि 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला महिंद्रांनी जीपा जोडायला सुरुवात केली. 1953 मध्ये विलीजची सीजे-3बी आली, उंच कपाळाची. तिचं बॉनेट उंच का? तर नव्या ‘हरिकेन’ इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले आणि इंजिनाची उंची वाढली. अमेरिकेत ही जीप 1968 ला बंद झाली. आपल्याकडे मात्र त्याच साच्यातल्या जीपा नंतरही कित्येक वर्षं निघत राहिल्या. तहसीलदारांची जीप, निवडणुकीच्या प्रचाराची जीप, सगळी हीच भावंडं.

आता नळीकडे येऊ. हरिकेनमध्ये इनटेक व्हॉल्व्ह वर गेले, पण एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच राहिले. त्यांना हलवणारा कॅमशाफ्ट शेजारीच. फ्युएल पंपाचा दांडासुद्धा त्याच कॅमशाफ्टवर चालतो. म्हणजे लालबुंद तापणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि पेट्रोलचा पंप इंजिनाच्या एकाच अंगाला! पंपापासून कार्बुरेटरपर्यंत जाणारी नळी या भट्टीच्या शेजारून वर चढते.

पेट्रोलमधले हलके घटक 40 अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. त्यात पंप पेट्रोल ओढतो, म्हणजे त्याच्या मागच्या नळीत दाब कमी, म्हणजे उकळणं आणखी सोपं. आता मे महिन्यातली दुपार डोळ्यांसमोर आणा. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला निघालात. बाहेर 42 अंश, बॉनेटखाली किती ते विचारू नका. नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पंप वाफ ओढत बसतो आणि गाडी गचके खात बंद पडते. याला व्हेपर लॉक म्हणतात. आपल्याकडचा इलाज ठरलेला: पंपावर ओलं फडकं टाका आणि झाडाखाली चहा प्या. :)

माझ्या मामांकडे लातूरला अशीच एक जुनी पेट्रोल जीप आहे. डिझेल स्वस्त म्हणून 1980 च्या दशकात तिच्यात डिझेल इंजिन बसवलं. तेव्हा हा प्रकार घरोघरी चालू होता. खुद्द महिंद्राही त्या दशकात प्यूजोच्या परवान्याने इगतपुरीत बनणारं 2.1 लिटरचं डिझेल इंजिन जीपांत घालत होती. मूळ पेट्रोल इंजिन मात्र मामांनी गोठ्यात पोत्याखाली जपून ठेवलं. आता ते परत बसवायचं काम चालू आहे. मी पुण्याहून शनिवार-रविवारी जातो आणि पाने हातात देतो.

बॉडी उतरवली तेव्हा चासीवर चक्क उत्खनन झालं. आतल्या बाजूला कंपनीच्या क्लिपांची भोकं. बाहेरच्या बाजूला, एक्झॉस्टपासून लांब, कुण्या मिस्त्रीने हाताने पाडलेली दुसरी भोकं. आणि तिसरी, डिझेलच्या रिटर्न पाइपाची. डिझेलमध्ये इंजेक्टरपाशी उरलेलं इंधन परत टाकीत सोडावं लागतं, त्यासाठी ही वेगळी नळी. शिवाय डिझेलचं दुखणं उलटं: तिथे वाफ नाही, तर ढिल्या जोडातून हवा शिरते आणि ‘एअर काढत’ बसावं लागतं. तीन पिढ्यांचे तीन थर, एकाच लोखंडावर! आपल्या भाषेत सांगायचं तर लेगसी कोड, आणि पॅच मारणाऱ्याने कमेंट लिहिलेली नाही.

मामांचं म्हणणं, “सगळं ओरिजिनल पाहिजे.” भावना कळते हो. पण ओरिजिनल म्हणजे कुठलं?

कारण पेट्रोलसुद्धा ओरिजिनल राहिलेलं नाही. 2003 पासून आपल्याकडे 5 टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. 2018 ला उसाच्या रसापासून थेट इथेनॉल करायची परवानगी मिळाली आणि 2025 मध्ये मिश्रण 20 टक्क्यांवर गेलं. ज्या उसाच्या फडांमधून ही जीप फिरली, तोच ऊस आता तिच्या टाकीत! पण इथेनॉल जुन्या रबरी नळ्या फुगवतं, चिरवतं, आणि मिश्रण लवकर वाफ धरतं. तापलेल्या मॅनिफोल्डशेजारी नळी चिरली तर ओलं फडकं कामाचं नाही. त्या गाडीत घरातली पोरं बसणार आहेत.

शेवटी ठरलं ते असं. तांब्याची जुनी नळी बाद, कारण तांबं हादऱ्यांनी कडक होऊन तडकतं. त्याऐवजी स्टीलची नळी, आणि वाट मिस्त्रीने काढलेली, बाहेरच्या अंगाने. चासी आणि इंजिन यांच्यामध्ये इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा छोटा तुकडा, कारण इंजिन हलतं, चासी तेवढी हलत नाही. मध्येच उंचवटा नाही, नाहीतर बुडबुडे तिथेच ठाण मांडतात. पंपावर पत्र्याचा आडोसा. आणि डिझेलच्या रिटर्नच्या वाटेने नवी नळी: कार्बुरेटरच्या अलीकडे फिल्टरमधून एक बारीक फाटा, जो वाफ आणि जास्तीचं गरम पेट्रोल परत टाकीत नेईल. पेट्रोल सतत फिरत राहतं, तापत बसत नाही.

म्हणजे पेट्रोलच्या दुखण्यावर औषध डिझेलच्या दिवसांनी ठेवून दिलं होतं. कंपनीची वाट तेवढी रिकामी राहिली. तिची भोकं आम्ही बुजवली नाहीत, गंज काढून रंग दिला. मामा आधी कुरकुरले, मग ती मिस्त्रीची भोकं बराच वेळ बोटाने चाचपत राहिले. म्हणाले, “हे बी ओरिजिनलच की.”

मला तरी याहून चांगली व्याख्या सुचत नाही. तुम्हाला सुचली तर जरूर कळवा.