पन्हाळ्याचा जांभा आणि माणदेशची चुनखडी

पन्हाळ्याचें नांव निघालें कीं सिद्दी जौहरचा वेढा, १६६० सालच्या आषाढांतील ती पावसाळी रात्र आणि विशाळगडाच्या वाटेनें निघालेली पालखी हीं श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें प्रथम उभीं राहतात. आणि तें योग्यच आहे. पण त्या रात्रीं मावळ्यांनीं जें मसाईचें पठार तुडविलें, तें कोणत्या मातीचें होतें याचा विचार इतिहासांत सहसा केला जात नाहीं. राजांचे, सरदारांचे आणि तहांचे इतिहास पुष्कळ झाले. ज्या भूमीसाठीं हे सारे झगडले, तिच्या अंगच्या गुणदोषांचा इतिहास मात्र शेतकरी, गवंडी आणि धनगर यांच्या बोलण्यांत विखुरलेला राहिला.

पन्हाळा कोल्हापुराच्या वायव्येस सुमारें बारा मैलांवर आहे. गडाचा माथा लाल, सच्छिद्र अशा दगडाचा आहे. त्यालाच आपल्याकडे जांभा म्हणतात. तेथून ईशान्येकडे सरळ रेषेंत सत्तर मैलांच्या आंतबाहेर गेलें, म्हणजे आटपाडीचा माळ लागतो. हा माणदेश. येथें लाल दगडाचें नांव नाहीं. वीतभर मुरमाड माती, तिच्यांत पसरलेले करडे दगडगोटे, आणि ओढ्याच्या दरडीला पाहावें तों हरभऱ्यापासून सुपारीएवढे पांढरे खडे चिकटलेले. त्या खड्यावर आम्लाचा थेंब टाकला तर तो फसफसतो. ही चुनखडी. शेतकरी अशा जमिनीला बरड म्हणतो, आणि तो शब्द उच्चारतांना त्याच्या स्वरांत फारसा आदर नसतो.

नवल हें, कीं जांभा आणि चुनखडी हीं एकाच आईचीं लेंकरें आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या पोटांतून लाव्हारसाचे लोटामागून लोट आले व थिजून जो काळा पाषाण झाला, तोच पन्हाळ्याच्या खालीं आहे आणि तोच आटपाडीच्याहि खालीं आहे. या पाषाणांत लोह आहे, तसेंच कॅल्शियमहि भरपूर आहे. भेद केला तो पावसानें. सह्याद्रीच्या माथ्याला गगनबावड्याकडे वर्षाला दोनशे इंचांच्या घरांत पाऊस पडतो. कोल्हापूर शहरीं तो चाळिसांवर येतो. आणि माणदेशांत वीस इंच पडला तरी वर्ष चांगलें गेलें असें म्हणतात. पश्चिमेकडे लक्षावधि वर्षें पाऊस दगडांतून पाझरत राहिला व जें जें विरघळण्यासारखें होतें तें तें नद्यांवाटे समुद्राला देऊन आला. कॅल्शियम गेलें, सिलिकाहि बहुतांशीं गेली. मागें उरलें तें लोखंडाचा व ॲल्युमिनियमचा गंज धरलेलें लाल कवच. राधानगरी आणि चंदगडकडे हेंच कवच बॉक्साइट म्हणून खणून काढिलें गेलें.

पूर्वेकडे पावसाचें पाणी एवढें दूर जाऊंच शकलें नाहीं. तें मुरमांत दोन-तीन हात मुरलें, वाटेंत दगडांतलें कॅल्शियम त्यानें उचललें, आणि समुद्र गांठण्यापूर्वींच उन्हानें तें पाणी ओढून घेतलें. पाणी उडून गेलें, चुना तेथेंच राहिला. एखाद्या मातीच्या कणाभोंवतीं पापुद्र्यावर पापुद्रा बसत खडा झाला. खडे एकमेकांस चिकटून कोठें कोठें पहारीला दाद न देणारा पांढरा थर झाला. म्हणजे चुनखडीचा खडा ही एका दृष्टीनें अवर्षणाची नोंदच आहे, आणि ती कोणत्याहि बखरीपेक्षां जुनी आहे.

आतां पुन्हां पन्हाळ्याकडे वळावें. शिलाहार दुसऱ्या भोजानें बाराव्या शतकाच्या अखेरीस येथें राजधानी मांडली; पुढें यादव, बहामनी व आदिलशाही अशा सत्ता आल्या. आज जें भव्य बांधकाम दिसतें त्यांतील पुष्कळसें आदिलशाहीचें. तीन दरवाज्याच्या पायांत शिशाचा रस ओतला असल्याची कथा सर्वांना ठाऊक असते. परंतु शिसें ही चार ठिकाणची नवलाई. बाकीचा गड उभा आहे तो चुन्यावर. अंबारखान्यांतील गंगा कोठीवरील ते सपाट घुमट, ज्यांच्या माथ्यावरील भोंकांतून धान्य ओतीत असत, ते चुन्यावांचून उभेच राहिले नसते. आणि चुना तर गडावर उपजत नाहीं! जांभा ताजा असतांना कुऱ्हाडीनें विटेसारखा कापतां येतो आणि वाऱ्यावर ठेवला कीं टणक होतो, एवढा त्याचा गुण; त्याला सांधणारा पदार्थ मात्र त्याच्यांत उरलेला नाहीं. कोंकणांतले जलदुर्ग शिंपल्यांच्या चुन्यावर बांधले गेले. देशावर शिंपल्यांची जागा चुनखडीच्या खड्यांनीं घेतली. ओढ्यांतून व काळ्या रानांतून खडे वेंचावे, लोणाऱ्यांनीं ते भट्टींत भाजावे, बैल जुंपून दगडी चाकाच्या घाणींत चुना मळावा, आणि मग तो गवंड्याच्या हातीं पडावा, असा तो क्रम होता. पाऊस जेथें कमी तेथल्या मातीचा सांठा अशा रीतीनें पाऊस जेथें फार तेथल्या तटांत जाऊन बसला. पन्हाळ्याचा मजबूतपणा सांगतांना खालच्या मुलखांतील या लोणाऱ्यांचें नांव कोणी घेत नाहीं, घ्यावयास हवें.

गंगा कोठींत पंचवीस हजार खंडी धान्य मावे असें सांगतात. तें धान्य वरी, नाचणी आणि भात यांचें होतें. हीं पश्चिमेकडच्या आंबट, चुनाहीन मातीचीं पिकें. ज्वारी-बाजरी ही पूर्वेच्या चुनखडीची. गुरेंहि तशींच वांटलीं गेलीं. शाहूवाडी-पन्हाळ्याच्या रानांतला डंगे धनगर म्हशी राखतो, तर माणदेशचा धनगर मेंढ्यांमागें फिरतो. मेंढीच्या खुराला चिखल मानवत नाहीं. म्हणून पावसाळ्याचे महिने तिनें बरड माळावर काढावे आणि दिवाळीनंतर कळप पश्चिमेच्या वाटेला लागावा, हा रिवाज. मुरमांतून पाणी झटकन निथळतें, पायाखालीं चिखल होत नाहीं, हा त्या हिणवलेल्या जमिनीचा एक मोठा उपकार आहे. आटपाडी महालचे खिलार बैलहि याच माळाच्या गवतावर वाढले.

इंग्रजी अमदानींत या खड्याला सरकारदप्तरीं जागा मिळाली, पण ती दोष म्हणून. मुंबई इलाख्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५ च्या सुमारास इंदापुराकडून जमिनीच्या पाहणीस आरंभ केला व १८४७ साली तिचे नियम ठरून गेले. मातीच्या तीन जाती आणि खोलीप्रमाणें नऊ प्रती, सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत. पावणेदोन हात खोल काळी असेल तर सोळा आणे. मग दोष पाहावयाचे: वाळू आहे काय, उतार आहे काय, पाणी मुरूं न देणारी माती आहे काय, आणि चुनखडीचे बारीक खडे मिसळले आहेत काय. प्रत्येक दोषासाठीं नकाशावरच्या त्या तुकड्यांत निराळी खूण करावयाची, आणि एक खूण पडली कीं जमीन एक प्रत खालीं. सोळा आण्यांची जमीन खड्यांपायीं चौदा आण्यांची ठरे. कुणब्याच्या दृष्टीनें ही खूण वाईट नव्हती. तेवढा सारा वांचे. परंतु या पद्धतीचा एक परिणाम असा झाला कीं चुनखडी म्हणजे निव्वळ खोट, अशी समजूत कागदोपत्रीं पक्की झाली.

वस्तुतः प्रश्न प्रमाणाचा आहे. थोडें कॅल्शियम चिकणमातीचे कण मोकळे ठेवतें, तिला घट्ट होऊं देत नाहीं. चोपण झालेल्या जमिनीला जिप्सम घालतात तें याच कॅल्शियमसाठीं, आणि पश्चिमेच्या आंबट मातीला तर शेतकीतज्ज्ञ चुनाच घालावयास सांगतात. उलट त्याचा अतिरेक झाला कीं मातींत लोह असूनहि मुळांना तें घेतां येत नाहीं, स्फुरद बांधला जातो, आणि उसाचीं व भुइमुगाचीं कोंवळीं पानें शिरा तेवढ्या हिरव्या ठेवून पिंवळीं पडतात. शेतकरी म्हणतो, केवडा पडला. पन्हाळ्याचा दगड लोखंडानें लाल झालेला, आणि माणदेशचें पीक लोखंडावांचून पिंवळें!

या जमिनीवर १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला, १९७२ चाहि आला. औंधच्या अधिपतींनीं १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत वसविली, तेव्हां बंदिवानांच्या हातीं जें रान दिलें गेलें तें अशाच कोरड्या मुलखांतलें होतें. पुढें कित्येक वर्षांनीं सांगोला-आटपाडीच्या शेतकऱ्यांना डाळिंबाचा शोध लागला. ज्या जमिनींत पाणी सांचत नाहीं, जी चुनखडीची आहे, जिच्यावर हवा कोरडी आहे, ती या झाडाला मानवते. दप्तरांत ज्या रानावर खुणांमागून खुणा पडल्या असत्या, त्यावर बागा उभ्या राहिल्या.

आतां कऱ्हाडजवळच्या टेंभूहून आणि मिरजेजवळच्या म्हैसाळहून कृष्णेचें पाणी पंपांनीं उचलून या पर्जन्यछायेंत नेलें आहे. महाबळेश्वराच्या जांभ्यावरून निघालेलें पाणी चुनखडीच्या मुरमांत शिरण्याचा हा योग मनुष्यानें घडवून आणिला. त्याचा आनंद वाटावा. पण शिरोळ-वाळव्याकडे नदीकांठचीं काळीं रानें पाण्याच्या अतिरेकानें क्षारपड झालेलीं आहेत, हें समोर दिसत असतां माळावर मोकाट पाणी सोडणें शहाणपणाचें नव्हे. उथळ मुरूम पाणी धरून ठेवीत नाहीं, आणि खालचा पांढरा थर तें पुरतें खालीं जाऊंहि देत नाहीं. म्हणून ठिबकची नळी टाकून झाडाच्या बुंध्याशीं मोजकें पाणी देणारे शेतकरीच तेथें टिकून आहेत. डाळिंबाचा खड्डा घेतांना पहार त्या थराला लागून ठण्ण वाजते. तेथें थांबावयाचें नसतें. थर फोडून, निघालेले पांढरे खडे बाजूला काढून, खड्डा शेणखतानें आणि गाळानें भरावयाचा असतो, आणि मगच रोप लावावयाचें असतें.