आधी तारा, मग इम्प्लांट : एका क्रमाचा इतिहास

१/ वेडेवाकडे दात तारा लावून सरळ करायचे आहेत आणि नसलेल्या एका दाताच्या जागी इम्प्लांटही बसवायचे आहे. आधी काय करावे? दंतवैद्य बहुधा सांगतात : आधी तारा. या उत्तरामागे कुत्रे, ससे आणि डुकरे यांच्यावरील प्रयोगांचा दीर्घ इतिहास आहे.

२/ दात सरकवता येतात, हे जुनेच ज्ञान. १७२८ मध्ये पॅरिसच्या पिएर फोशार यांनी धातूच्या कमानदार पट्टीला दोऱ्याने दात बांधून ते रांगेत आणण्याची रीत ग्रंथात वर्णिली. परंतु हाडात रुतलेला दात सरकतो कसा, हे कोडेच होते.

३/ ते स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यांनी उलगडले. कुत्र्यांचे दात सरकवून त्यांनी भोवतालचे हाड सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. १९०४ च्या सुमारास त्यांनी दाखवले की, दाब पडतो त्या बाजूचे हाड विरघळते आणि ताण पडतो त्या बाजूला नवे हाड तयार होते. हा बदल घडवतो मूळ व हाड यांमधील तंतूंचा पातळ थर.

४/ स्वीडनमध्येच, लुंड येथे, १९५० च्या दशकात पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी बसवलेले टायटॅनियमचे उपकरण नंतर निघेना. हाड त्याला घट्ट चिकटले होते.

५/ १९६५ मध्ये गोथेनबर्ग येथे त्यांनी एका रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. १९८२ च्या टोरंटो परिषदेनंतर ही पद्धत उत्तर अमेरिकेतही रुजली.

६/ मात्र हे बळच बंधन ठरले. इम्प्लांटभोवती तंतूंचा थर नसतो. म्हणून तारेच्या ओढीने ते सरकत नाही. चुकीच्या जागी बसले, तर तेथेच राहते.

७/ वाढत्या वयात धोका अधिक. १९९१ मध्ये स्वीडिश संशोधकांनी वाढत्या डुकरांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. जबडा वाढला, शेजारचे दात त्याच्यासह पुढे आले. इम्प्लांट मात्र मागेच राहिले.

८/ म्हणूनच जन्मतः एखादा पुढचा दात नसलेल्या किशोरवयीन मुलाला तारा लावून जागा राखली जाते, तात्पुरता दात दिला जातो आणि चेहऱ्याची वाढ थांबेपर्यंत वाट पाहिली जाते. घाई केल्यास तो दात पुढे शेजाऱ्यांपेक्षा आखूड दिसू लागतो. मुलींची वाढ सहसा लवकर थांबते. तरी निव्वळ वयावर न विसंबता काही काळाच्या अंतराने काढलेले एक्स-रे ताडून पाहतात.

९/ या अचलतेचा उपयोगही झाला. १९४५ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांच्या जबड्यात स्क्रू बसवून त्यांच्या आधाराने दात ओढण्याचा प्रयत्न झाला; स्क्रू महिनाभरातच सैल झाले. १९९७ मध्ये जपानच्या र्‍युझो कानोमी यांनी केवळ १.२ मिलिमीटर जाडीचा स्क्रू या कामी वापरला. उपचार संपल्यावर असा स्क्रू काढून टाकतात.

१०/ नियमाला अपवादही येथूनच निघतो. प्रौढ रुग्णाचे मागचे दात नसतील, तर कधी इम्प्लांट आधी बसवून त्याच्याच आधाराने उरलेले दात सरकवतात. अशा वेळी प्रत्येक दात शेवटी कोठे येणार, याचे गणित पहिल्या दिवशीच मांडावे लागते. कारण इम्प्लांटची जागा पुढे बदलता येत नाही.