मागच्या आसाचा नट

मेहरूणचे शिवार जळगाव शहरात मिसळण्याआधी इथल्या रस्त्यांवर बैलगाडीचे राज्य होते. आसाला वंगण कधी द्यायचे, हे चाकच कुरकुरून सांगे. मोटारीचे डिफरन्शियल कुरकुरू लागते, तेव्हा मात्र उशीर झालेला असतो.

1926 मध्ये अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने मागच्या आसात हायपॉइड गिअर आणले. त्यांचे दाते एकमेकांवर फार घसरतात. त्या दाबाखाली साधे तेल टिकेना, म्हणून गंधकयुक्त तेल आले. पण असे काही तेल गिअरबॉक्सच्या पितळी रिंगांना खाते. म्हणून दोन कप्पे, दोन तेले.

ॲम्बेसेडर, पद्मिनी, जीप यांचे डिफरन्शियल मागे, वेगळे. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि ते गिअरबॉक्सच्या पोटात गेले. तेल एकच. मागेही एक नट असतो ही आठवण तिथेच पुसली गेली, असे मला वाटते. बोलेरो घेणाऱ्याला ती नव्याने शिकावी लागते.

किती किलोमीटरला बदलायचे? पुस्तिकेतला मोठा आकडा सौम्य वापराचा. ओझे, धूळ, उष्णता यांसाठी बहुधा खाली छोटा आकडा असतो. खानदेशच्या मे महिन्यात केळी वाहणारी गाडी त्या खालच्या ओळीतली. आस पाण्यात बुडाला असेल तर आकडा पाहूच नये. तेल दुधाळ दिसले की आत पाणी शिरले. आणि हो, भरायचा वरचा नट आधी सैल करावा. खालून तेल सांडल्यावर तो अडकलेला निघाला, तर गाडी तिथेच उभी!